‘इथून बाहेर जाणारा लांब रस्ता’ : रायकर्स बेटावरच्या एका चित्राचं प्रकरण

काळ्या स्त्रियांच्या मुक्तीची चित्रं म्हटलं की आपल्याला आठवतात ती संग्रहालयातली, उत्तम प्रकाशात टांगलेली कामं. या प्रकरणातलं चित्र मात्र न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या बायकांच्या तुरुंगासाठी काढलं गेलं. तिथे ते लागलं, पुढे त्याच्यावर पांढरा रंग फासला गेला, ते वाचलं, दुसऱ्या इमारतीत गेलं आणि पन्नास वर्षांनी बेटाबाहेर पडलं. ते काढणाऱ्या काळ्या अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांचं नाव कलेच्या जगात ठाऊक आहे. ज्या कैदी बायकांमुळे चित्राला त्याचा विषय मिळाला आणि ज्या अधिकाऱ्यामुळे ते वाचलं, त्यांची नावं इथे घेतलेली नाहीत.

शाळा, रुग्णालय, वसतिगृह, सुधारगृह अशा ठिकाणी भिंतीवर काही काढायचं काम ज्यांच्याकडे येतं, त्यांनी हे प्रकरण नीट पाहावं असं मला वाटतं. यातले काही निर्णय अतिशय चांगले होते आणि काही निर्णय घ्यायचेच राहून गेले.

पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात, ऐन वस्तीत, बायकांचा एक उंच तुरुंग होता. विमेन्स हाउस ऑफ डिटेन्शन हे त्याचं नाव. १९३२ साली तो सुरू झाला. गर्दी, अस्वच्छता आणि वाईट वागणूक यासाठी तो बदनाम होता, पण रस्त्याला लागून असल्यामुळे एक गोष्ट तिथे घडत असे. बायका वरच्या खिडक्यांतून ओरडून बोलायच्या आणि खाली फुटपाथवर उभे असलेले नवरे, मैत्रिणी, घरची माणसं ओरडूनच उत्तर द्यायची. १९७० च्या अखेरीस अँजेला डेव्हिस यांना अटक झाली तेव्हा कॅलिफोर्नियाला पाठवण्याआधी त्यांना इथेच ठेवलं होतं.

१९७१ मध्ये हा तुरुंग बंद झाला आणि बायकांना रायकर्स बेटावरच्या नव्या इमारतीत हलवलं गेलं. ईस्ट रिव्हर नदीतलं हे बेट. क्वीन्सकडून जाणारा एकच पूल, पलीकडे लागार्डिया विमानतळ. इमारत नवी होती, पण खिडकीतून कोणाला हाक मारावी असं खाली कोणीच नव्हतं. कैद्यांमध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन बायकांचं प्रमाण मोठं होतं. अनेकींवरचा खटला अजून चालायचा होता. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून त्या आत होत्या.

रिंगगोल्ड यांचा जन्म १९३० चा, हार्लेममधला. १९४८ मध्ये त्या सिटी कॉलेजमध्ये गेल्या तेव्हा तिथल्या कला-साहित्याच्या मुख्य शाखेत मुलींना प्रवेशच नव्हता. चित्रकला शिकायची तर शिक्षक होण्यासाठी शिकायची, एवढीच वाट खुली होती. त्यांनी ती धरली आणि पुढे कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चित्रकला शिकवली. १९६७ ते ६९ या काळात ‘ब्लॅक लाइट’ या मालिकेसाठी त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. रंगपाटीवरून पांढरा रंग काढून टाकायचा. युरोपीय पद्धतीत चेहऱ्याला उठाव येतो तो पांढऱ्याच्या मिसळीने. उजेड म्हणजे पांढरा. काळ्या माणसाचा चेहरा त्या पद्धतीने रंगवला की त्याची त्वचा कशाची तरी सावली असल्यासारखी दिसते. रिंगगोल्ड यांनी तपकिरी, गडद निळे, काळपट हिरवे, तांबूस काळे असे रंग एकमेकांशेजारी ठेवून उठाव साधला. ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ ही घोषणा तेव्हा रस्त्यावर ऐकू येत होती. ती रंगाच्या पातळीवर कशी खरी करायची, यावर त्यांनी दोन-तीन वर्षं काम केलं.

त्या नुसत्या स्टुडिओत बसणाऱ्या नव्हत्या. १९७० मध्ये व्हिटनी संग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनात निम्म्या स्त्रिया असाव्यात म्हणून झालेल्या निदर्शनांत त्या पुढे होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जडसन चर्चमधल्या राष्ट्रध्वजावरच्या प्रदर्शनासाठी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांना अटक झाली आणि दंड भरावा लागला. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे रायकर्सवर गेलेली बाई अटक म्हणजे काय हे थोडंफार अनुभवून आलेली होती.

अडचण नेमकी कोणती होती

१९७१ मध्ये रिंगगोल्ड यांना क्रिएटिव्ह आर्टिस्ट्स पब्लिक सर्व्हिस या योजनेतून अनुदान मिळालं. सार्वजनिक जागेसाठी मिळालेलं हे त्यांचं पहिलं काम. जागा त्यांनी निवडली ती बायकांच्या तुरुंगाची.

अडचण इथूनच सुरू होते. संग्रहालयात चित्र आवडलं नाही तर माणूस पुढच्या दालनात जातो. तुरुंगातल्या प्रेक्षकाला ती मोकळीक नाही. सकाळी, दुपारी, रात्री तेच चित्र समोर. बरं, ही बाई आज आहे आणि आठवड्याने जामिनावर सुटेल. तिच्या जागी येणारीने ते मागितलेलंही नसेल. वर प्रशासन. भडक काही काढलं तर भिंतीवर लागणारच नाही, आणि प्रशासनाला रुचेल असंच काढलं तर कैदी बायका त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत.

म्हणून रिंगगोल्ड यांनी आधी बायकांशी बोलायचं ठरवलं. तुम्हाला चित्रात काय पाहायचंय, असं त्यांनी विचारलं. उत्तरं निरनिराळी आली. कोणी न्याय म्हणाली, कोणी शांतता, कोणाला सगळ्या वंशांची माणसं हातात हात घालून उभी हवी होती. एकीने सांगितलं की तिला इथून बाहेर जाणारा एक लांब रस्ता पाहायचाय.

माझ्या मते हे सबंध प्रकरण या उत्तराभोवती फिरतं. पन्नास वर्षं हे वाक्य चित्राला चिकटून राहिलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रागाचा होता, आणि तो रिंगगोल्ड यांच्या हातात पक्का बसलेला होता. १९६७ च्या ‘डाय’ या प्रचंड चित्रात त्यांनी गोऱ्या-काळ्यांची रक्तबंबाळ झटापट रंगवली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या अटिका तुरुंगातला कैद्यांचा उठाव १९७१ च्या सप्टेंबरमधलाच; त्यावर त्यांनी स्वतंत्र पोस्टर केलं. तुरुंगाची हिंसा तुरुंगाच्याच भिंतीवर दाखवणं राजकीयदृष्ट्या धारदार ठरलं असतं. पण ती हिंसा रोज सोसणारीला ती भिंतीवर पुन्हा दाखवून तिला काय मिळणार?

दुसरा पर्याय मागणी शब्दशः पुरी करण्याचा. एक रस्ता, क्षितिजापर्यंत गेलेला. सोपं, सुंदर आणि माझ्या मते फसवं. रस्त्याचं निसर्गचित्र कुठल्याही दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात लागू शकतं. त्या रस्त्यावर चालणारी कोण, हे त्यातून कळत नाही.

तिसरा पर्याय अपमानाची प्रतिमा उलटवण्याचा. १९७२ मध्येच कॅलिफोर्नियात बेटी सार यांनी तो निवडला. पॅनकेकच्या पिठाच्या पाकिटावरची हसरी, जाडजूड, डोक्याला फडकं बांधलेली आन्ट जेमायमा घराघरांत पोचलेली होती. तिच्याच धाटणीची एक स्वस्त बाहुली सार यांनी घेतली, एका हातात झाडू तसाच ठेवला, दुसऱ्या हातात रायफल दिली आणि समोर वर उचललेली काळी मूठ उभी केली. हे काम मला फार मोठं वाटतं. पण ते गॅलरीतल्या प्रेक्षकाला उद्देशून होतं. त्या बाहुलीला पाहून इतकी वर्षं हसलेल्या माणसाला त्यात सुनावलं होतं. तुरुंगातल्या बाईच्या हाती चित्रातली बंदूक देणं म्हणजे तिच्यावर आधीच मारलेला शिक्का पुन्हा मारणं झालं असतं.

उरला चौथा पर्याय. रस्ता म्हणजे बाहेर पडल्यावर काय होता येईल, असा अर्थ घ्यायचा आणि ते होणाऱ्या बायका दाखवायच्या. रिंगगोल्ड यांनी हा घेतला.

काय केलं

‘फॉर द विमेन्स हाउस’ हे चित्र आठ फूट लांब, आठ फूट रुंद. तैलरंग, कॅनव्हासवर. पूर्ण चौरस आठ त्रिकोणांत विभागलेला आहे. ही रचना काँगोतल्या कुबा लोकांच्या वस्त्रांवरच्या नक्षीवरून घेतली. मला ही निवड महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे चित्राला मधोमध बसलेली नायिका नाही. डोळा एका कोपऱ्यातून आत शिरतो, तिरक्या रेषेवरून दुसऱ्या त्रिकोणात घसरतो आणि तिथे त्याला दुसरी बाई भेटते. तिच्या अंगावर डॉक्टरचा पांढरा कोट, हिच्या हातात बसचं चाक. पोलीस, बांधकाम करणारी, ड्रम वाजवणारी, बास्केटबॉल खेळणारी, राष्ट्राध्यक्ष. एका त्रिकोणात लग्न चाललंय, लग्न लावणारी धर्मगुरू बाई आहे आणि मुलीचं कन्यादान तिची आई करते आहे. बसवरची पाटी सांगते की ही गाडी सोजर्नर ट्रूथ चौकात जाते; गुलामगिरीतून सुटून स्त्रियांच्या आणि काळ्यांच्या हक्कांसाठी बोलत फिरलेल्या त्या बाईच्या नावाने. अख्ख्या चित्रात पुरुष नाही.

१९७१ मध्ये यातलं बरंचसं प्रत्यक्षात फार कमी दिसायचं. डब्ल्यूएनबीए ही स्त्रियांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग स्थापन झाली १९९६ मध्ये. चित्र जानेवारी १९७२ मध्ये तुरुंगात लागलं. त्याच महिन्यात, २५ तारखेला, ब्रुकलिनमध्ये शर्ली चिझम या काळ्या खासदार बाईंनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली. आपल्याकडे याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मराठी वाचकाला हा काळ काही परका नाही.

चित्रातल्या सगळ्या बायका काळ्या नाहीत. यावर एक आक्षेप मी ऐकलाय : काळ्या स्त्रीच्या मुक्तीचं चित्र मग कसं म्हणायचं? मला तो पटत नाही. तुरुंगात गोऱ्याही बायका होत्या, पोर्तो रिकनही होत्या आणि प्रश्न त्या सगळ्यांना विचारला होता. शिवाय चित्रात काळी बाई कोणाच्या शेजारी, कोणाच्या सेवेला किंवा कोणाच्या दयेला पात्र म्हणून आलेली नाही. ती आपल्या कामात आहे. तिचे ओठ, नाक, केस जसे आहेत तसे, सपाट स्वच्छ रंगात, कुठेही मऊ किंवा फिके न करता काढलेले आहेत. ‘ब्लॅक लाइट’च्या दिवसांत पांढऱ्याशिवाय चेहरा रंगवायची जी सवय हाताला लावून घेतली होती, ती इथे कामाला आली. आरशात स्वतःकडे पाहणं ज्यांना नकोसं झालंय त्यांच्यासाठी हा चेहरा नेमका कसा रंगवला आहे, यालाच अर्थ आहे.

१९८८ : पांढरा रंग

चित्र सोळा वर्षं जागेवर होतं. १९८८ मध्ये बायकांना बेटावरच्याच नव्या रोझ एम. सिंगर सेंटरमध्ये हलवलं आणि जुनी इमारत पुरुष कैद्यांसाठी दिली गेली. चित्र मागे राहिलं, आणि त्यावर पांढरा रंग दिला गेला.

यात कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असं मानायची गरज नाही. इमारतीचा वापर बदलला की भिंती रंगवतात. भिंतीवरची वस्तू कोणाच्या यादीतच नसेल तर तीही भिंतच होते. ज्या चित्रकर्तीने रंगपाटीवरून पांढरा रंग हद्दपार केला होता तिचं काम पांढऱ्याखाली गेलं, हे वाचताना मला आजही त्रास होतो.

वाचलं ते एका तुरुंग अधिकाऱ्यामुळे. काय होतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते वाया जाऊ दिलं नाही. रिंगगोल्ड यांच्यापर्यंत खबर पोचली, चित्र स्वच्छ करून पूर्ववत केलं गेलं आणि नव्या इमारतीत लागलं. ते कॅनव्हासवर होतं म्हणून हे जमलं. थेट भिंतीवर काढलं असतं तर हलवायला काही उरलंच नसतं.

नव्या जागी मात्र चित्राची आणि बायकांची पूर्वीसारखी गाठ पडली नाही. वर प्लेक्सिग्लासचं, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचं, आवरण आलं आणि जागा अशी मिळाली की बहुतेकींना ते जाता-येता दिसत नसे. चित्र सुरक्षित होतं, पण ज्यांच्यासाठी काढलं त्यांच्यापासून दूर झालं होतं. संस्थांमध्ये हे फार होतं. वस्तूची किंमत कळली की ती पहिल्यांदा तिच्या माणसांपासून वाचवली जाते.

बाहेर काढायचं की नाही

२०१७ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने १९६५ ते ८५ या काळातल्या काळ्या लढाऊ स्त्री-कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी हे चित्र बेटावरून बाहेर आलं. हजारो लोकांनी ते पाहिलं, आणि ते परत आत का जावं असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

दोन्ही बाजूंना वजन होतं. ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं : हे बायकांच्या तुरुंगासाठी आहे, नावातच आहे. त्यांच्या मागणीतून जन्मलेली गोष्ट त्यांच्याकडून काढून घेऊन तिकीट काढून येणाऱ्यांना दाखवायची, हा कुठला न्याय? काढा म्हणणारे सांगत होते की चित्र एकदा मरता मरता वाचलंय, आत असूनही बायकांना ते दिसत नाही आणि रायकर्स बंद करायचा निर्णय शहराने २०१९ मध्ये घेतलेलाच आहे. रिंगगोल्ड यांनाही ते बाहेर यावं असंच वाटत होतं.

तिसरी वाट मधली होती : मूळ चित्र संग्रहालयाने सांभाळावं आणि आतल्या बायकांसाठी नवं काम व्हावं. शेवटी तेच ठरलं. २०२२ च्या सुरुवातीला चित्र ब्रुकलिन म्युझियमकडे दीर्घ मुदतीसाठी द्यायचा निर्णय जाहीर झाला. तेव्हा रिंगगोल्ड ९१ वर्षांच्या होत्या. त्याच फेब्रुवारीत न्यू म्युझियममध्ये त्यांचं सिंहावलोकनाचं प्रदर्शन सुरू झालं, त्यातही ते लागलं. सिंगर सेंटरसाठी नवं चित्र करायचं काम मेरी एनक एलिझाबेथ बॅक्स्टर या काळ्या कलाकाराकडे गेलं. त्यांनी स्वतः पेनसिल्वेनियात तुरुंगवास भोगलाय आणि कैदेत असतानाच बाळाला जन्म दिलाय.

परिणाम

चित्र आज सुरक्षित आहे आणि अभ्यासकांना, शाळेच्या मुलांना, तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांनाही पाहता येतं. रिंगगोल्ड यांच्या कारकिर्दीतलं पहिलं उघडपणे स्त्रीवादी काम म्हणून त्याची नोंद होते. पुढे १९८० पासून त्यांनी आईबरोबर कापडाचे तुकडे जोडून गोधड्या करायला घेतल्या आणि त्यांवर बायकांच्या गोष्टी लिहिल्या. अनेक बायका, अनेक तुकडे, मधोमध कोणी एक नाही, ही मांडणी या आठ त्रिकोणांत आधीच दिसते. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. चित्र बाहेर आलेलं त्यांनी पाहिलं.

जिने रस्ता मागितला त्या बाईचं पुढे काय झालं, हे या सगळ्या नोंदींत येत नाही. चित्राचा प्रवास तारखांसकट सांगता येतो, तिचा नाही. आपल्या प्रकरण-अभ्यासातही नेमकं हेच होतं : वस्तूची फाईल जाड होते आणि माणसाची उघडलीच जात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा मालकी आणि देखभालीचा. १९७२ मध्ये चित्र दिलं गेलं तेव्हाच साधा लेखी करार हवा होता. इमारतीचा वापर बदलला तर चित्राचं काय करायचं, कोणाला कळवायचं, कोणाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही. चार ओळी पुरल्या असत्या. ‘भेट’ दिली की जबाबदारी संपते असं देणाऱ्यालाही वाटतं आणि घेणाऱ्यालाही. १९८८ चा प्रसंग एका माणसाच्या चांगुलपणामुळे निभावला, व्यवस्थेमुळे नव्हे.

दुसरा मुद्दा विचारण्याचा. १९७१ मध्ये बायकांना विचारलं, म्हणून चित्र खरं झालं. पण ते एकदाच विचारलं. १९८८ मध्ये नवी जागा ठरवताना, पुढे आवरण बसवताना आतल्या बायकांचं मत घेतल्याचं कुठे दिसत नाही. तुरुंगात माणसं सतत बदलतात; म्हणूनच दर काही वर्षांनी तोच प्रश्न नव्याने विचारायला हवा होता. चित्राबरोबर तिथे नियमित चित्रवर्ग चालत राहिला असता, तर चित्राची ओळख एका पिढीकडून दुसरीकडे गेली असती आणि रंगाचा डबा घेऊन कोणी आलं तेव्हा हटकणारी माणसं आतच असती.

तिसरा, मूळ चित्राच्या आकाराची चांगली प्रतिकृती. सिंगर सेंटरमध्ये रोजच्या वावराच्या जागी, जेवणघरात किंवा भेटीच्या खोलीत, काचेविना लावता आली असती. मूळ कॅनव्हास जपायचा म्हणून प्रतिमाही लांब ठेवायची गरज नव्हती. चित्रकर्ती हयात होती, तिचा शब्द घेता आला असता.

संग्रहालयाच्या बाजूने एक अपेक्षा मला रास्त वाटते. जे चित्र कैदी बायकांच्या शब्दांवर उभं आहे, ते पाहायला येणाऱ्या त्यांच्या मुलांना, नातेवाइकांना, सुटून आलेल्या बायकांना दार पूर्ण मोकळं असावं. तिकीट नको, आगाऊ नोंदणी नको.

आणि बॅक्स्टर यांच्या नव्या चित्राबद्दल. रायकर्स २०२७ पर्यंत बंद व्हावा असं कायदा सांगतो, पण बदली इमारतींचं काम खूप मागे पडलंय. बायका पुन्हा एकदा हलवल्या जातील. त्या दिवशी हे चित्र कोण उतरवणार, कुठल्या गाडीतून जाणार, नव्या इमारतीत कुठल्या भिंतीवर लागणार आणि ती भिंत कोण निवडणार, हे आत्ताच कागदावर यायला हवं. त्या कागदावर तुरुंग विभागाच्या सहीबरोबर चित्रकर्तीची सही हवी आणि आतल्या बायकांच्या गटाचीही.